प्रयोग कुठे करायचा: नव्या डोमेनवर की चालत्या साइटवर?

भाचीची पाककृतींची साइट आहे. गूगल पानांचा क्रम कसा लावतं, हे तिला स्वतः तपासायचंय. पण नवं डोमेन, म्हणजे साइटसाठी वेगळा पत्ता, घ्यावं की याच साइटवर प्रयोग करावा, हे ठरत नाही.

खर्चाचा फरक किरकोळ आहे. खरा प्रश्न भरवशाचा. नव्या डोमेनवर कुठेच न सापडणारा बनावट शब्द घ्या, एका पानाच्या शीर्षकात तर दुसऱ्याच्या फक्त मजकुरात ठेवा. स्पर्धा नसल्यामुळे फरक स्वच्छ दिसतो. मात्र खऱ्या शोधात स्पर्धक, लिंक आणि शोधणाऱ्याचा हेतू असतो. तिथे हा निष्कर्ष तसाच लागू होईलच असं नाही.

चालत्या साइटवर सारख्या पानांचे दोन गट करा, एकाचीच शीर्षकं बदला. दिवाळीत चकलीचे क्लिक वाढतातच, म्हणून न बदललेला गट हवाच. सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन शोधातल्या क्लिकचे १६ महिन्यांचे आकडे दाखवतं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशीही ताडता येतं. धोका इथेच: चुकून नोइंडेक्स (पान शोधात दाखवू नका, अशी गूगलला सूचना) लागलं तर चांगली पानं शोधातून गायब होतात.

पानातला एखादा घटक गूगलकडून वाचला जातो का, एवढंच कळायचं असेल तर नवं डोमेन. वाचक वाढवायचे असतील तर आपलीच साइट, पण सुरुवात कमी वाचल्या जाणाऱ्या पानांपासून.