रेस सोडली तरी चेन फिरत होती: जुन्या चेनसॉच्या खरेदीत मी कशी फसले

हे लिहायला पाच महिने लागले. आधी राग इतका होता की लिहिताना हात थरथरायचा, आणि नंतर लाज वाटायला लागली. पण परवा त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली, तेव्हा ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

आमची वाडी उत्तर रत्नागिरीत आहे. साठ-सत्तर हापूस कलमं, थोडी काजू, दोन गाई आणि एक वासरू. मिस्टर मुंबईला नोकरीला, त्यामुळे बागेचं सगळं मीच बघते. पंप मी उघडते, ग्रासकटर मी चालवते, प्लग साफ करते, पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) किती घालायचं ते मला कुणी सांगावं लागत नाही. हे आधीच सांगते, कारण ज्याला त्याला वाटतं की बाईमाणूस म्हणून गंडवली गेली. तसं नाही. जो कुणी घाईत असेल त्याला हा माणूस गंडवतो.

घाई खरीच होती. यंदा, २०२५ मध्ये, पाऊस मे महिन्यातच आला. २६ तारखेच्या रात्रीच्या वाऱ्यात गडग्याजवळचा, म्हणजे दगडी कुंपणाजवळचा, जुना रायवळ आंबा मुळासकट आडवा झाला आणि त्याची अर्धी फांदोरी गोठ्यावर आली. कौलं फुटली, एक वासा मोडला. गाई वाचल्या, पण त्या पावसात बाहेर. पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, तीही बंद. मशीनवाल्यांना फोन केले तर कुणी बारा दिवसांनी येतो म्हणाला, कुणी फोनच उचलेना. २०२० च्या निसर्ग वादळानंतर आम्ही परसू आणि हातकरवतीनं महिनाभर झाडं तोडत होतो. तसं पुन्हा नको, एवढंच डोक्यात होतं. नवीन मशीनला दुकानदार २७,५०० सांगत होता. कलमांचे पैसे अजून दलालाकडून यायचे होते. म्हणून जुनं बघितलं. यात माझं काय चुकलं?

जाहिरात २९ मेला मोबाइलवर सापडली. नारिंगी-पांढरं, नावाजलेल्या जर्मन कंपनीचं मशीन, 'घरगुती वापर, फक्त दोन सीझन', किंमत १३,०००. बोलायला माणूस गोड. 'ताई, वडिलांची बाग विकली, आता मशीन पडून आहे.' घासाघीस होऊन ११,५०० ठरले. १,५०० टोकन फोनवरून आधी पाठवायला लावलं, 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' म्हणून. घरचा पत्ता मागितला तर म्हणाला, तुम्हाला कशाला आत यायचा त्रास, मीच हायवेला येतो. मुंबई-गोवा महामार्गावर एका बंद पडलेल्या धाब्यासमोर भेटायचं ठरलं. घर दाखवत नाही त्याच्याकडून काहीही घेऊ नका. सुईसुद्धा नको.

३० तारखेला मी आणि माझा पुतण्या स्कूटरवरून गेलो. पाऊस भुरभुरत होता. त्याची गाडी आधीच येऊन उभी होती, मशीन डिकीत पोत्यावर. मी सायलेन्सरच्या बाजूला हात लावला तर चटका बसला. 'आत्ताच पेट्रोल चेक करायला चालू केलं होतं,' म्हणाला. ऐका, मशीन गरम करून ठेवलेलं असेल तर तिथेच थांबा. थंड होईपर्यंत अर्धा तास बसा, चहा प्या, पण गार मशीन स्वतःच्या हातानं ओढून बघा.

त्यानं दोरी ओढली, दुसऱ्या ओढीला चालू झालं. भरपूर निळसर धूर. 'टू-टी जरा जास्त पडलंय, इंजिनला चांगलंच असतं.' पुतण्यानं तिथेच पडलेल्या पांगाऱ्याच्या फांदीचे दोन तुकडे पाडले. पांगारा म्हणजे लाकूड कसलं, कोयत्यानंही सटासट तुटतो. ती फांदी विकणाऱ्यानंच आणून टाकलेली होती हे आता कळतंय. जाड, वाळलेलं लाकूड कापू द्या म्हटलं तर 'पाऊस वाढतोय ताई, घरी जाऊन मनसोक्त कापा.'

आणि मग तो क्षण. पाच महिने तो डोळ्यांसमोरून हलत नाही.

पुतण्यानं रेस सोडली. बोट ट्रिगरवरून पूर्ण काढलेलं, मी स्वतः बघितलं. इंजिन फटफट करत आयडलिंगला चालू होतं आणि चेन फिरतच होती. बारवरून, म्हणजे ती जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीवरून, सरसर, न थांबता. माझ्या ग्रासकटरची पाती रेस सोडली की थांबते. क्लचचं कामच ते, आयडलिंगला इंजिन फिरेल पण पुढचं हत्यार उभं राहायला हवं. हे मला रोज दिसतं. मी बोललेसुद्धा, 'अहो, ही चेन थांबत का नाही?' तो हसला. 'चेन नवीन ताणलीय, जरा मोकळी झाली की थांबेल.' मला ते पटलं नाही. नाही पटलं, तरी मी पर्स उघडली आणि १०,००० रोख मोजून दिले. पाऊस अंगावर येत होता, घरी गाई भिजत होत्या, पुतण्या हेल्मेट घालून उभा होता. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं जास्त थांबले असते तर!

बिल नव्हतंच, हरवलं म्हणे. मशीनच्या अंगावर जिथे नंबर असतो तिथे खरवडल्यासारखी जागा होती. 'दगडावर घासलंय.' दगडावर घासलं तर ओरखडा वेडावाकडा येतो. हे सरळ चौकोनी होतं, ग्राइंडर मारलेलं. तेही दिसलं होतं मला.

३१ मेला सकाळी मशीन चालू झालं, तासभर कापलं आणि बंद पडलं. गरम झालं की पुन्हा चालूच होईना. गार झालं की दहा-पंधरा ओढीनंतर कसंबसं. २ जूनला पहिल्या मेकॅनिककडे नेलं. त्यानं काही न उघडता 'कार्बोरेटर गेलाय' म्हणून नवा बसवला, १,१५०, मजुरी ६००. चेनही बोथट झाली म्हणून नवी घेतली, ८५०. म्हणजे फसवणारा एकटा नसतो, त्याच्या मागून येणारेही आपलं खातात. कार्बोरेटर बदलायच्या आधी 'कॉम्प्रेशन बघ', म्हणजे इंजिनच्या आतला दाब बघ, असं मेकॅनिकला ठणकावून सांगा.

३ जूनला, निसर्ग वादळाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, दुपारी पुतण्या जाड फांदी कापत होता. काप पूर्ण झाला, त्यानं रेस सोडली आणि मशीन खाली धरून फांदीवरून पलीकडे पाय टाकला. फिरती चेन डाव्या मांडीला लागली. गुडघ्याच्या वर चार बोटं. जीन्स फाटली आणि रक्त किती आलं ते मी सांगत नाही. 'काकी, रेस सोडलेली होती, देवाशपथ सोडलेली होती,' असं तो सारखं म्हणत होता. जशी काही त्याचीच चूक. नऊ टाके पडले, डॉक्टरचे २,३०० झाले. हाडापर्यंत गेलं नाही. वहिनींनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

त्यानंतर दुसऱ्या, जाणत्या मेकॅनिककडे मशीन नेलं. त्यानं सायलेन्सरचे स्क्रू काढले आणि आत बॅटरी मारून मला बोलावलं. पिस्टनवर उभ्या रेघा, नखानं खरवडावं तशा खोल. कुणीतरी ऑईल न घालता नुसत्या पेट्रोलवर चालवून पिस्टन ओढवलेला. बहुतेक मशीनना लिटरला २० मिली टू-टी लागतं, ते कुणी घातलंच नव्हतं. मग चालू कसं झालं? तर प्लगच्या भोकातून ऑईल ओतलं की थोड्या वेळापुरतं कॉम्प्रेशन वाढतं. तो निळा धूर त्याचा. आणि कॉम्प्रेशन नसलेलं इंजिन आयडलिंगला बंद पडतं, म्हणून आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस चढवून ठेवलेली. म्हणून चेन फिरत होती. म्हणजे मला जे दिसलं तो किरकोळ दोष नव्हता, त्याची सगळी लबाडीच त्यात उघडी पडली होती. चेन जागच्या जागी थांबवणाऱ्या चेनब्रेकचा पुढचा दांडा होता, पण आतली पट्टी तुटलेली. बारला ऑईल जात नव्हतं. ही परीक्षा तर कुणीही करू शकतं: बारचं टोक कोऱ्या कागदासमोर धरून रेस द्या, कागदावर ऑईलची रेघ उमटली पाहिजे. ब्रेकचा दांडा पुढे ढकला, मशीन बंद करा, हातमोजा घालून चेन ओढा. हलली तर मशीन परत द्या. सायलेन्सर उघडू देत नाही तो विकणारा चोर समजा.

आता पोलिसांचं सांगते. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले, 'मावशी, जुनी वस्तू बघून घ्यायची असते. चालू करून दाखवलं ना त्यानं? मग ही दिवाणी बाब, कोर्टात जा.' मी म्हटलं, ऑईल ओतून दोष लपवला, नंबर घासला, खोटं सांगून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? तर म्हणे, 'व्यवहार हायवेला झालाय, हद्द दुसऱ्या ठाण्याची.' हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घेऊन पुढे पाठवायची तरतूद आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, १ जुलै २०२४ पासून लागू. हे मी पुतण्याच्या मोबाइलवर वाचून दाखवलं. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८, तेही दाखवलं. त्यावर उत्तर काय मिळालं? 'नंबर घासलेलं मशीन तुम्ही घेतलंत ना? म्हणजे चोरीचा माल घेतलात. लिहू का तसं?'

मी उठून आले. नऊ टाक्यांचा पोरगा घरी झोपलेला आणि मलाच चोर ठरवायला निघाले! घासलेला नंबर बघून त्या माणसाच्या मागे लागायचं सोडून तक्रार करणाऱ्या बाईला दटावायचं. एकूण पाच खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस बाकावर. पाचव्या खेपेला अर्जाच्या कॉपीवर पोच मिळाली, तीही भांडून. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. मग जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं तक्रार पाठवली, कायद्यात तेही आहे. अजून उत्तर नाही. टोकन घेऊन माणूस गायब झाला तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तासाभरात फोन करा. माझ्या बाबतीत वस्तू हातात होती, म्हणून तो रस्ताही नव्हता.

जाहिरातीच्या ॲपवर तक्रार केली, चौथ्या दिवशी 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे' असा मेसेज. माणसाशी बोलायला नंबरच नाही. पैसे घेऊन जाहिरात वर चढवायला मात्र तीन वेळा फोन येतात.

हिशोब सगळा मांडते, कारण 'अकरा हजारच गेले ना' असं म्हणणारे भेटलेत. मशीन ११,५००, स्कूटरचं पेट्रोल ४२०, कार्बोरेटर १,१५०, मजुरी ६००, चेन ८५०, डॉक्टर २,३००. शेवटी झाड कापलं ते भाड्याच्या मशीनवाल्यानं, दीड दिवसाचे ३,०००. एकूण १९,८२०. आणखी ७,६८० घातले असते तर नवीन मशीन आलं असतं, गॅरंटीसकट, चालत्या ब्रेकसकट. कुणाकडे उसने मागितले असते तर मिळाले असते. मागायची लाज वाटली.

मशीन मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, पोत्याखाली ठेवलंय. मेकॅनिक सुट्या भागांचे १,२०० द्यायला तयार होता, मी दिलं नाही. पुरावा आहे तो. पुतण्या चालतो नीट, पण आता ग्रासकटरलाही हात लावत नाही.

त्याच्या जुन्या जाहिराती शोधल्या तर चार सापडल्या, नावं चारही वेगळी, फोटोंतली मागची भिंत तीच. परवाची पाचवी. ओळखायची कशी ते सांगते: मागे चिऱ्याचा गडगा, त्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीच्या उजव्या कोपऱ्याला लाल नायलॉनची दोरी. मशीन नारिंगी-पांढरं, फोटो नेहमी डाव्या बाजूनं, नंबरची जागा दिसणार नाही असा. 'वडिलांची बाग विकली.' या वेळी किंमत १२,५००. टोकन पाठवू नका.