ब्रुख घ्यायचा तर कोणाचा: हाइफेट्झ की चुंग?

रोमँटिक काळातलं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं युरोपीय व्हायोलिन ऐकायला सुरुवात करायची आणि एकच अल्बम घ्यायचा, तर मी माक्स ब्रुख या जर्मन संगीतकाराचं नाव सांगेन. जी मायनर कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) आणि ‘स्कॉटिश फँटसी’ या त्याच्या दोन्ही रचना एकत्र असलेले दोन अल्बम पुन्हा पुन्हा समोर येतात. एक व्हायोलिनवादक यशा हाइफेट्झचा, ऑर्केस्ट्राचा संचालक माल्कम सार्जंटबरोबर १९६१-६२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला. दुसरा व्हायोलिनवादक क्युंग-वा चुंगचा, संचालक रुडॉल्फ केम्पे आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर, १९७२ चा. हाइफेट्झ तेव्हा साठीला टेकलेला, चुंग चोवीस वर्षांची.

हाइफेट्झची लय चढी आहे. कॉन्चेर्टोच्या शेवटच्या भागात त्याचा गज तारेवरून असा सुटतो की आपणच श्वास धरून बसतो. स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची त्याची खास लकब आहे. द. के. दातारांचं गायकी अंगाचं व्हायोलिन कानात असलेल्याला ती मींडेसारखी ओळखीची वाटेल. पण मधला संथ भागही तो थांबून वाजवत नाही, आणि मला नेमकं तिथेच थांबायचं असतं.

चुंग तिथे थांबते. एकेक ओळ उलगडू देते, आवाज हळूहळू भरत नेते. कळस येतो तेव्हा तो तिने कमावलेला असतो. या एका भागासाठी मी तिचा अल्बम कितीही वेळा लावतो.

फँटसीत फरक आणखी ठळक होतो. १८८० ची ही रचना ब्रुखने स्पॅनिश व्हायोलिनवादक पाब्लो सारासातेला अर्पण केली. तिच्या पूर्ण नावातच व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राबरोबर हार्पचा, म्हणजे उभ्या मोठ्या तंतुवाद्याचा, उल्लेख आहे. म्हणजे हार्प स्पष्ट ऐकू यायलाच हवी. हाइफेट्झच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन अगदी पुढे आहे, बाकीचे मागे राहतात. केम्पेकडे हार्प व्हायोलिनशी बोलताना ऐकू येते. सुरुवातीच्या गंभीर ब्रासवर (फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांवर) व्हायोलिन आलापासारखं मोकळं प्रवेशतं, ती जागा चुंगची ऐका. युद्धगीतावर बेतलेल्या शेवटच्या भागात मात्र हाइफेट्झच हवा. तिथली ठिणगी चुंगकडे नाही.

हाइफेट्झच्या सीडीवर बेल्जियन संगीतकार व्ह्यूतांची पाचवी कॉन्चेर्टोही मिळते, आणि तीही झकास वाजवली आहे. तरी पहिलाच अल्बम घेत असाल तर चुंगचा घ्या. ब्रुखची धून तोंडात बसली की हाइफेट्झकडे वळा.