हळदीची कॅप्सूल की लोह काढणारी गोळी?

मिरजेला रक्त चढवायला आलं की बाकड्यावर कुणीतरी आई विचारतेच, "गोळ्यांपेक्षा काही झाडपाल्याचं नाही का हो?" माझा मुलगा तेरा वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयारच न होण्याचा जन्मजात आजार; दर तीन आठवड्यांनी रक्ताच्या दोन पिशव्या. एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं, म्हणजे वर्षाला सहा-सात ग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात तीन-चार ग्रॅमच असतं. आपण होऊन शरीर रोज एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. बाकीचं यकृतात आणि हृदयात साठत जातं. तुलना या हिशोबावर करायची.

डेफेरासिरॉक्स ही आमची गोळी. ती हे साठलेलं लोह धरून शौचावाटे काढते. पाण्यात विरघळणारी गोळी उपाशीपोटी, जेवणाआधी अर्धा तास. पेल्याच्या तळाशी पांढुरका थर राहतो, त्यात पुन्हा घोटभर पाणी घालून तोही प्यायला लावते. लेक रोज तोंड वाकडं करतो. मूत्रपिंड-यकृतावर ताण येऊ शकतो, म्हणून दर महिन्याला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी. डेफेरिप्रोन हे दुसरं औषध हृदयातल्या लोहावर चांगलं, पण पांढऱ्या पेशी एकदम घटण्याचा धोका, म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, वरचेवर. जुनं इंजेक्शन पंपाने रात्रभर पोटाच्या कातडीखाली घ्यावं लागतं.

आता हळद. हरिपूर या हळद साठवायच्या पेवांच्या गावाशेजारी राहून मी तिला नावं ठेवणार नाही. हळदीतलं कुर्क्युमिन लोहाला धरतं, हे खरंच. पण हळदीत ते तीनेक टक्केच, आणि पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. इराणमध्ये रुग्णांना कुर्क्युमिन आणि सिलिमरीन (मिल्क थिसल या झाडाचा अर्क) देऊन पाहिलं, थोडा फायदाही दिसला. मात्र त्या रुग्णांचं नेहमीचं औषध चालूच होतं.

आम्ही ते बंद केलं होतं. एका ओळखीच्यांच्या सांगण्यावरून तीन महिने नुसती कॅप्सूल दिली. फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, १८०० वरून ३१०० वर गेलं. तो कागद मी अजून फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय.

जेवणासोबतचा कोरा चहा अन्नातलं लोह कमी शोषू देतो. ज्यांना रक्त क्वचितच लागतं त्यांना तो उपयोगी. पिशवीतलं लोह थेट शिरेत जातं, तिथे चहा काय करणार?

खरी भीती वाटते ती "रक्त वाढवणाऱ्या" औषधांची. लोहभस्म, मंडूर यांत लोहच असतं! गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतही आढळलेत, आणि आपल्या मुलांचं यकृत आधीच लोहाने भरलेलं.

आमच्याकडे आता गोळी रोज, हळद भाजीत. तुम्हाला कॅप्सूल द्यायचीच असेल तर गोळी चालू ठेवून, आणि कॅप्सूलचं पाकीट आधी रक्ताच्या डॉक्टरांना दाखवून.