पोतावरून छायाचित्रांचे वर्गीकरण : सायकिट-इमेजचे परीक्षण

कापड, लाकूड, खडक यांची छायाचित्रे पोतावरून वेगळी करायची असतील, ती एकाच पद्धतीच्या प्रकाशात टिपलेली असतील आणि त्यांची संख्या काही शेंच्या पुढे जात नसेल, तर पायथनमधील सायकिट-इमेज हे मोफत व मुक्तस्रोत साधन मी निःसंकोचपणे सुचवीन. पोताचे आकडे सायकिट-इमेजने काढायचे आणि त्यांवरून वर्ग ठरवण्याचे काम सायकिट-लर्न या पायथनमधीलच मशीन लर्निंगच्या साधनाकडे सोपवायचे, ही जोडी साध्या लॅपटॉपवरही चालते. शिवाय एखादे छायाचित्र अमुक वर्गात का गेले, हे त्या आकड्यांकडे पाहून बऱ्याच अंशी सांगता येते, आणि हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

यातील मुख्य फंक्शन ग्रेकोमॅट्रिक्स. रॉबर्ट हॅरॅलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये मांडलेली पद्धत ते वापरते : ठरावीक अंतरावर आणि ठरावीक कोनात असलेल्या पिक्सेलच्या जोड्यांमध्ये करड्या रंगाच्या कोणत्या दोन छटा किती वेळा जोडीने येतात, याची तक्त्यात मांडलेली मोजदाद. उभ्या रेघांच्या कॉर्डरॉयचे छायाचित्र घेतले, तर आडव्या दिशेने मोजलेला कॉन्ट्रास्ट, म्हणजे जोडीतल्या छटांमधला फरक, चांगलाच वर जातो आणि रेघेच्या दिशेने मोजलेला खाली राहतो. आडवी, उभी आणि दोन तिरप्या अशा चारही दिशांची सरासरी घेतली की कापड फिरवल्याने होणारा फरक बराच कमी होतो, पण रेघेची ओळखही त्याबरोबर पुसट होते. यातले काय हवे, हे वापरणाऱ्यानेच ठरवायचे असते.

माझी खरी तक्रार छटांच्या संख्येबद्दल आहे. नेहमीच्या आठ बिटांच्या छायाचित्रासाठी हे फंक्शन आपण होऊन 256 छटा धरते, म्हणजे तक्त्यात 65,536 घरे होतात. 200 बाय 200 पिक्सेलच्या छायाचित्रात मात्र लगतच्या आडव्या जोड्या अवघ्या 39,800 असतात. बहुतेक घरे रिकामी राहतात आणि एनर्जीसारखे (पोत किती एकसारखा आहे हे सांगणारे) आकडे छायाचित्रातील किरकोळ गोंगाटानेही, म्हणजे छटांमधल्या विस्कळीत चढउतारानेही, हलतात. छटा आधी 32 वर आणल्या तर घरे 1,024 होतात आणि तक्ता नीट भरतो, पण हे काम फंक्शन स्वतः करत नाही. तसेच वर्ग ठरवण्यासाठी सपोर्ट व्हेक्टर मशीन ही पद्धत वापरणाऱ्यांनी आकडे एका मापात आणणे विसरू नये, कारण 32 छटांवर कॉन्ट्रास्ट 961 पर्यंत जाऊ शकतो आणि एनर्जी एकच्या पुढे जात नाही.

लोकल बायनरी पॅटर्न हे दुसरे फंक्शन मला अधिक निर्धोक वाटते. मधल्या पिक्सेलपेक्षा शेजारी उजळ आहेत की गडद, एवढेच ते पाहत असल्याने संपूर्ण छायाचित्र सारख्या प्रमाणात उजळले तरी निकाल सहसा ढळत नाही. सारख्या रचना एकत्र मोजणाऱ्या त्याच्या युनिफॉर्म पद्धतीत आठ शेजाऱ्यांसाठी अवघे दहा आकडे हाती येतात.

दस्तऐवजीकरण सुबोध आहे, पण एका बाबतीत अपुरे पडते. ग्रेकोमॅट्रिक्सच्या उदाहरणात एकाच छायाचित्रातून गवताचे आणि आकाशाचे तुकडे कापून त्यांची तुलना केली आहे. संकल्पना समजावण्यासाठी ते उत्तम आहे, परंतु तोच शिरस्ता चाचणीत पाळला, म्हणजे एकाच छायाचित्राचे काही तुकडे मॉडेलला शिकवण्यासाठी आणि उरलेले तपासण्यासाठी ठेवले, तर यशाची टक्केवारी फसवी निघते. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठाच्या केटीएच-टिप्स या पोतांच्या छायाचित्रांच्या प्रसिद्ध संचातही हा धोका आहे : दहा पदार्थांची प्रत्येकी 81 छायाचित्रे असली, तरी प्रत्येक पदार्थाचा नमुना एकच आहे. त्यावर स्पंज अचूक ओळखणारे मॉडेल दुसरा स्पंज ओळखेलच, याची खात्री त्यातून मिळत नाही. पुढच्या केटीएच-टिप्स2 मध्ये 11 पदार्थांचे प्रत्येकी चार नमुने आहेत; चाचणी त्यावर घ्यावी, आणि स्वतःची छायाचित्रे असतील तर सायकिट-लर्नमधील ग्रुप-के-फोल्ड वापरून एका नमुन्याची सर्व छायाचित्रे एकाच बाजूला ठेवावीत.

ज्यांची छायाचित्रे इंटरनेटवरून गोळा केलेली, वेगवेगळ्या अंतरांवरून आणि प्रकाशांत काढलेली आहेत, त्यांनी मात्र आधीच शिकवलेल्या न्यूरल नेटवर्ककडे वळावे.