सणासुदीचा कार्यक्रम: ठोक बिदागी, तिकिटातला वाटा की हमी?

सुट्टीच्या दिवसाची विचारणा आली की बँडमध्ये पहिला प्रश्न असतो, "किती सांगायचे?" माझ्या मते त्याआधी एक गोष्ट तपासावी: त्या दिवशी बँडला मागणी आहे, की नुसती सुट्टी आहे? ३१ डिसेंबरच्या रात्री प्रत्येक हॉलला वादक हवे असतात आणि ती तारीख एकदाच विकता येते. जोडून आलेल्या सुट्टीत मात्र निम्मे गाव बाहेर पडलेले असते. तिथे जादा दर मागाल तर आयोजक दुसरा बँड शोधेल, आणि त्याला तो मिळेलही. दुपारच्या कार्यक्रमाचेही तसेच. संध्याकाळी दुसरीकडे वाजवता येणार असेल तर वाढ थोडकीच ठेवावी.

मागणीचा दिवस आहे असे धरून पुढचा हिशोब करू. वाढ ठरवण्याच्या दोन रीती आहेत. एक, नेहमीच्या बिदागीची दीडपट किंवा दुप्पट सांगून मोकळे व्हायचे. दुसरी, खालून वर मोजत जायचे.

पाच जणांचा बँड घ्या. नेहमीची बिदागी १०० धरू. त्यातले २० गाडी आणि साउंडवाल्याला, उरलेल्या ८० मधून प्रत्येकाला १६. आता दीडपट म्हणजे १५०. ऐकायला भरघोस वाटते. पण त्या रात्री गाडीवालाही दुप्पट मागतो आणि साउंडवालाही, म्हणून २० चे ४० होतात. राहिले ११०, प्रत्येकी २२. म्हणजे घरचे सगळे एकत्र जमलेले असताना बाहेर राहण्याचे वादकाला मिळाले फक्त सहा जास्त. ड्रमर आदल्या आठवड्यात "जमत नाही रे" म्हणतो, त्याची मुळे या आकड्यात असतात. बदली वादक त्याच रात्री शोधायचा तर तो स्वतःचा भाव लावणार, वर गाणी बसवायला वेळ नाहीच.

खालून मोजले तर चित्र वेगळे दिसते. प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारायचे, "किती मिळाले तर तू कुरकुर न करता येशील?" समजा उत्तर आले ३०. पाच जणांचे १५०, वर ४० खर्च, एकूण १९०. म्हणजे जवळपास दुप्पट, आणि हा आकडा कशातून आला हे आयोजकाला समजावता येते. दुप्पट दर सांगताना अनेकांची जीभ अडखळते, कारण ते फक्त वाजवण्याचे तास मोजतात. पाऊण-पाऊण तासाचे तीन सेट म्हणजे सव्वादोन तास. पण सामान उतरवायला पाचला पोहोचायचे, सहाला साउंडचेक, पहिला सेट साडेनऊला. मधले दोन-तीन तास कुठे जाता येत नाही आणि काही करताही येत नाही. शेवटचा सेट साडेबाराला संपला तरी केबल गुंडाळून गाडीत सामान चढेपर्यंत दोन वाजतात. आयोजकाने विकत घेतलेली वेळ नऊ तासांची आहे. गुणाकाराची रीत झटपट खरी, पण ती आधीचा दरच कमी असेल तर त्याचीच चूक मोठी करते. मी खालून मोजणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

आता पैसे कोणत्या रूपात घ्यायचे. ठोक १९० घेतले तर हॉल भरला काय, ओस पडला काय, आपल्याला फरक नाही. तिकिटातला वाटा घ्यायचा तर आकडे मांडून बघा. पूर्ण हॉलचे उत्पन्न ४२०, आयोजकाचा खर्च १००, उरलेल्यात बँडचे ६० टक्के: १९२. ठोकएवढेच झाले! आणि हॉल अर्धाच भरला तर २१० मधून खर्च जाऊन ११० उरतात, बँडला ६६. म्हणजे गाडी-साउंडचे ४० जाऊन पाच जणांत २६. सगळे जमून आले तर बरोबरी, नाही तर मोठा फटका. अशा सौद्यात वाटा घ्यायला कारणच नाही. ठोक दरापेक्षा बरेच जास्त मिळण्याची वाट असेल, तिकिटांचा हिशोब आपल्या डोळ्यांसमोर होणार असेल आणि 'खर्च' म्हणजे नेमके काय हे आधी लिहिलेले असेल, तरच वाट्याचा विचार करावा. जाहिरात, सजावट, मालकाच्या मित्रांच्या फुकट प्रवेशिका, सगळे त्या एका शब्दात मावते.

तिसरी वाट हमीची: ठरावीक रक्कम किंवा टक्केवारी, जे जास्त असेल ते. नवीन हॉल आहे आणि आयोजकाला ठोक १९० झेपत नाहीत, तेव्हा ही बरी. हमी किती असावी? हॉल रिकामा राहिला तरी वादकाच्या हाती नेहमीपेक्षा कमी पडू नये इतकी. आपल्या उदाहरणात १६ गुणिले पाच, अधिक ४०, म्हणजे १२०. त्याखाली उतरू नये. मात्र आपण धोक्यात वाटेकरी होतो म्हणून टक्केवारी ६० च्या वर मागावी, ७० म्हणा. हॉल भरला तर २२४ होतात.

वर्षभर बोलावणाऱ्या आयोजकाला थोडी सूट द्यायला हरकत नाही, पण पुढच्या तारखा पक्क्या करून घेऊनच. मदतनिधीसाठी वाजवायचे तर पूर्ण फुकट वाजवा. अर्धा दर एकदा घेतला की गावभर तोच आपला दर ठरतो.

काही झाले तरी निम्मी रक्कम आगाऊ आल्याशिवाय तारीख अडवू नका. शेवटच्या दोन आठवड्यांत कार्यक्रम रद्द झाला तर पूर्ण बिदागी, कारण तेव्हा ती रात्र दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. जादा वेळेचा दरही अर्ध्या तासाच्या हिशोबाने आधीच लिहून घ्या. रात्री साडेबाराला "अजून एक, अजून एक" सुरू झाले आणि आयोजक मंचाजवळ येऊन बोट वर करून उभा राहिला, की दराची बोलणी करायला तबलजीलाही वेळ नसतो आणि गायकालाही.