डिसेंबरातली दक्षिण: चेन्नईची कच्चेरी, कण्णूरचं तेय्यम की कोचीचा कार्निव्हल?

नाताळची सुट्टी मंजूर झालीय, गोव्याची गर्दी नकोय आणि घरात ‘दक्षिणेला कुठेतरी जाऊ’ एवढ्यावरच एकमत झालंय, अशा मंडळींसाठी हा आढावा. हाउसबोट आणि चहाचे मळे यांवर सांगणारे पुष्कळ आहेत, ते सोडून देतो. प्रश्न फक्त उत्सवाचा आहे: डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत दक्षिणेच्या किनाऱ्यावर जे चालतं, त्यातलं काय गाठावं?

माझ्या मते खरी निवड तीन ठिकाणांत आहे. चेन्नईचा मार्गळी संगीत महोत्सव, केरळच्या उत्तर मलबारातलं म्हणजे कण्णूर-कासरगोडकडचं तेय्यम (देव अंगात येण्याचा रात्रभराचा विधी) आणि फोर्ट कोचीचा कार्निव्हल. तिन्ही एकाच पंधरवड्यात बसतात, त्यामुळे हावरटपणा सुचतो. तो टाळा. खर्चाचा हिशोबही आधी मांडू नका, कारण या उत्सवांत तिकिटाला पैसे फारसे जातच नाहीत. आधी विचारायचं ते एवढंच, की तुमच्या घरची माणसं दिवसा तीन-तीन तास शांत बसू शकतात, की पहाटे तीनला उठून शेताच्या बांधावरून चालू शकतात?

बसू शकणाऱ्यांनी चेन्नईला जावं. तमिळ पंचांगातला मार्गळी महिना साधारण १६ डिसेंबरला लागतो आणि भोगीला संपतो; दुसऱ्या दिवशी पोंगल. या काळात शहरातल्या डझनावारी सभांमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत संगीत मंडळांमध्ये, सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं-वाजवणं चालू असतं. सगळ्यांत मानाची मद्रास म्युझिक अकॅडमी. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्याला जोडून संगीत परिषद भरली, तिच्यातून ही संस्था उभी राहिली आणि १९२८ मध्ये रीतसर स्थापन झाली. तिचा ‘संगीत कलानिधी’ हा कर्नाटक संगीतातला सर्वांत मोठा सन्मान समजला जातो. १९६८ मध्ये तो एम. एस. सुब्बुलक्ष्मींना मिळाला, आणि २०२४ मध्ये टी. एम. कृष्णांना मिळाला तेव्हा वाद कोर्टापर्यंत गेला. गाण्यावरून कोर्टात जाणारं शहर आहे हे, यावरून तिथल्या श्रोत्यांचा अंदाज घ्या.

सवाईच्या मांडवात ज्यांचे कान तयार झालेत त्यांना एक फरक लगेच जाणवेल. सवाईत मांडव एक आणि कलाकार एकामागून एक, त्यामुळे निवडायचं काही नसतं. चेन्नईत संध्याकाळी एकाच वेळी चार नामवंत चार सभांमध्ये गात असतात, आणि रिक्षा करून कुठे पोचायचं हे दुपारीच ठरवावं लागतं. वेळापत्रक वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळांवर येतं. नवख्याने मोठ्या नावांमागे धावू नये, असं मी म्हणेन. दुपारच्या कच्चेऱ्या, म्हणजे मैफली, बहुतेक सभांमध्ये फुकट असतात, तिथे तरुण कलाकार गातात आणि खुर्ची हमखास मिळते. अकॅडमीत सकाळी सप्रयोग व्याख्यानं होतात, तीही फुकट. एखाद्या रागाच्या जुन्या रूपावर पांढऱ्या केसांचे दोन विद्वान एकमेकांना अदबीने खोडून काढताहेत, हे दृश्य पुण्याच्या माणसाला परकं वाटणार नाही.

संध्याकाळची मुख्य कच्चेरी दोन-अडीच तासांची. आधी वर्णम ही सुरुवातीची बंदिश, मग छोट्या-मोठ्या कृती म्हणजे बांधलेल्या रचना, मग मुख्य रचना किंवा रागम-तानम-पल्लवी हा रागाचा सविस्तर विस्तार, त्यानंतर मृदंगम आणि घटमचं ‘तनी आवर्तनम’, म्हणजे नुसतं तालवाद्यांचं वादन. तनी सुरू झालं की अर्धी सभा उठून कॅन्टीनकडे निघते. हा तिथला जुना रोग आहे. तुम्ही उठू नका, कारण हिंदुस्तानी श्रोत्याला सगळ्यांत पटकन भिडणारा भाग तोच असतो. शेवटी हलक्याफुलक्या रचना येतात, आणि तिथे मराठी माणसाचे कान टवकारतात. अरुणा साईराम किंवा रंजनी-गायत्री गात असतील तर अभंगाची फर्माईश तमिळ श्रोतेच करतात. या तिघींचंही बालपण मुंबईत गेलेलं, त्यामुळे ‘विठ्ठल’ म्हणताना जिभेला आढेवेढे नाहीत. तंजावरच्या मराठी राजवटीत तिकडे गेलेलं आपलं कीर्तन तमिळ हरिकथेत मुरलं, ते वेगळंच.

कॅन्टीनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गाण्यात रस नसलेला नवरा किंवा बायको सोबत असेल तर सहल तिथेच वाचते. मोठ्या सभा हंगामापुरतं नावाजलेल्या आचाऱ्यांना कॅन्टीन देतात. दुपारी केळीच्या पानावर जेवण, संध्याकाळी अडई-अवियल, केळफुलाचे वडे, हलवा, फिल्टर कॉफी. फक्त जेवायला येणारे लोकही भरपूर असतात, आणि त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

पहाट मात्र मैलापूरसाठी राखा. कपालीश्वर मंदिराभोवतीच्या माड वीथींमध्ये मार्गळीत भल्या पहाटे भजनी मंडळी फेरी काढतात, घरांपुढे मोठाले कोलम, म्हणजे रांगोळ्या, रेखलेले असतात, देवळांतून संत कवयित्री आंडाळची तिरुप्पावै ही पदं ऐकू येतात. नाचाची आवड असेल तर तिरुवान्मियूरच्या कलाक्षेत्राचा महोत्सव डिसेंबरअखेरीला असतो, आणि ममल्लपुरमला, चेन्नईहून साधारण ५५ किलोमीटरवर, पर्यटन खात्याचा नृत्यमहोत्सव याच दिवसांत चालतो.

चेन्नईत खटकणाऱ्या दोन गोष्टी. पहिली पाऊस. तिथला मुख्य पावसाळा ईशान्य मान्सूनचा, तो डिसेंबरातही रेंगाळतो. २०२३ मध्ये डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्याखाली घातलं होतं. म्हणून २० तारखेच्या आधी जाऊ नये. दुसरी गोष्ट लहान मुलं. दहा वर्षांखालच्या पोराला सभेत अडीच तास बसवणं हा पोरावरही अन्याय आणि शेजाऱ्यावरही.

आता कण्णूर. इथे खुर्ची नाही, तिकीट नाही, रंगमंच नाही, आणि ‘कार्यक्रम’ हा शब्दही चालत नाही. तेय्यम म्हणजे देव माणसाच्या अंगात येऊन गावाला भेटतो, असं तिथले लोक मानतात, आणि तुम्ही त्या भेटीला आलेले पाहुणे असता. हंगाम मल्याळी पंचांगातल्या तुलाम महिन्याच्या दहा तारखेला, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ऐन भर. जागा म्हणजे ‘कावू’: झाडीतली देवस्थानं, कोकणातल्या देवराईतलं देऊळ डोळ्यापुढे आणलंत तर फार चुकणार नाही. शिवाय जुन्या घराण्यांच्या अंगणातही तेय्यम होतं.

आदल्या संध्याकाळी तोट्टम असतं. कमी वेषात, चेंडा या ढोलाच्या तालावर त्या देवतेची कथा गायली जाते. रात्रभर चेहरा रंगवण्याचं काम चालतं. रंगवणारा वाकून बसलेला आणि रंगवून घेणारा पाठीवर आडवा पडलेला. मग मस्तकावर मुडी, म्हणजे मुकुट, चढते, काही रूपांत ती माणसाच्या दुप्पट उंचीचीही असते. हातात छोटा आरसा दिला जातो. आरशात स्वतःकडे पाहिलं, की त्या क्षणापासून तो माणूस राहत नाही. पुढचे काही तास गावातले जमीनदार, उच्चवर्णीय, सगळे त्याच्यापुढे हात जोडून गाऱ्हाणी मांडतात. तेय्यम धरण्याचा परंपरागत हक्क वण्णान, मलयन, वेलन अशा, एके काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांचा आहे, हे माहीत असलं की त्या हात जोडण्याचा अर्थ वाढतो. पोट्टन तेय्यममध्ये तर विषयच तो आहे: शंकराचार्यांची वाट अडवणाऱ्या चांडाळाची कथा. रक्त दोघांचं एकच ना, हा त्याचा सवाल, आणि तो विचारून झाल्यावर स्वारी धगधगत्या निखाऱ्यांवर पहुडते. मी दक्षिणेत पाहिलेल्या उत्सवांत याच्या जवळपास पोचणारं दुसरं काही नाही.

मात्र हे सोसायला लागतं. आगीची तेय्यमं बहुतेक पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान. जागरण, अनवाणी पाय, धूर, कानाशी चेंडे आणि नेमकी वेळ कुणालाच ठाऊक नाही. ‘आता अर्ध्या तासात’ याचा अर्थ दोन तास. तारखेची चिंता मात्र वाटते त्यापेक्षा कमी आहे, कारण बहुतेक कावूंचे दिवस मल्याळी सौर पंचांगावर बांधलेले असतात आणि इंग्रजी तारीख दरवर्षी फार हलत नाही. कुठल्या रात्री कुठे काय, हे मुक्कामाच्या घरमालकाला विचारा. हंगामात तिथे हॉटेलपेक्षा होमस्टे परवडतो तो पैशासाठी नाही, या माहितीसाठी.

सोबत वयस्कर मंडळी असतील तर परश्शिनिकडवू आहे. कण्णूरपासून साधारण २० किलोमीटरवर वळपट्टणम नदीकाठी मुत्तप्पनचं स्थान. तिथे जवळपास रोजच तेय्यम होतं, त्यामुळे रात्र जागवायची गरज नाही. हा देव शिकाऱ्याच्या वेषातला. त्याला ताडी आणि सुकी मासळी चालते, आणि कुत्र्यांना देवळात मज्जाव नाही. येणाऱ्या प्रत्येकाला चहा आणि उकडलेल्या कडधान्याचा प्रसाद मिळतो. कोकणातल्या माणसाला हा देव आपल्याकडचाच वाटावा.

कॅमेऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो. फ्लॅश नको, वेष चढवायच्या खोपटात विचारल्याशिवाय शिरणं नको, आणि तेय्यम हळदीची चिमूट पुढे करत असेल तर मोबाइल खिशात टाकून हात पुढे करा. अलीकडे काही कावूंमध्ये भक्तांपेक्षा लेन्स पुढे असतात. त्या गर्दीत आपली भर नको.

जेवणात कण्णूर-तलश्शेरी चेन्नईच्या अगदी उलट टोकाला. कैमा तांदळाची तलश्शेरी बिर्याणी, आणि तांदळाचं सारण भरून तळलेले शिनाणे, ज्यांना तिकडे कल्लुम्मक्काय म्हणतात. शाकाहाऱ्याला पुट्टू-कडला आहे, उपाशी राहणार नाही. पण खाण्यासाठी म्हणून जायचं तर त्याने चेन्नईच धरावी.

कोचीवर मी थोडक्यात आटोपतो, कारण माझं मत फारसं अनुकूल नाही. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत फोर्ट कोचीत रोषणाई, स्पर्धा, खेळ चालतात, ३१ च्या मध्यरात्री ‘पाप्पांजी’ नावाचा म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळतात आणि १ जानेवारीला मिरवणूक निघते. पोर्तुगीज वारसा उघड आहे. गोव्यात ३१ ला जळणारा ओल्ड मॅन याचाच भाऊ. तो तुम्ही गोव्यात पाहिला असेल तर त्याच पाच मिनिटांसाठी एवढ्या लांब जाण्यात राम नाही. गर्दी भयंकर, त्या रात्री वाहनांवर निर्बंध, आणि फेरीबोटीच्या रांगेत नव्या वर्षाचे पहिले तास जातात. तरुण मित्रांचा घोळका असेल तर मजा येईल, नाही असं नाही.

कोचीचं पारडं एकाच गोष्टीने जड होतं: बिएनाले. १२ डिसेंबर २०१२ ला सुरू झालेलं हे समकालीन कलेचं प्रदर्शन साधारण दोन वर्षांआड भरतं आणि जुन्या वखारी, गोदामं, बंगले यांमध्ये तीन-साडेतीन महिने चालतं. सहावी आवृत्ती १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६ अशी होती. बिएनालेचा हिवाळा असेल तर कोची जरूर करा, पण नवं वर्ष उलटल्यावर, गर्दी ओसरली की. बिएनाले नसलेल्या वर्षी कार्निव्हलसाठी मी कोचीला पाठवणार नाही.

‘मग एवढ्या लांब कशाला, आपल्या सिंधुदुर्गात याच दिवसांत जत्रा असतातच की,’ असं कुणी म्हणेल, आणि ते रास्त आहे. कार्तिकात सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा झाली की गावोगाव रांग लागते, रात्री दशावतार, पहाटे दहीकाला, खाज्याची दुकानं. ज्याने हे कधीच पाहिलेलं नाही त्याने कण्णूरच्या आधी सावंतवाडी-कुडाळ करावं, भाषा समजत असल्याने दशावतारातले विनोद तरी हुकणार नाहीत. आंगणेवाडीची भराडीदेवी मात्र या सुट्टीत बसत नाही: ती जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते, आणि तिची तारीख तिथीवर नाही, देवीच्या कौलावर ठरते. आधी रजा टाकून मग जत्रा गाठणं तिथे जमत नाही.

तेव्हा कुणी काय घ्यावं? आईवडील सोबत आणि घरात गाण्याची आवड: चेन्नई, २० डिसेंबर ते १ जानेवारी. रजा थोडी लांबत असेल तर पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूला कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांची आराधना असते, कावेरीकाठी शेकडो गायक-वादक त्यांच्या पाच पंचरत्न कृती एकत्र गातात. तिथून तंजावर १३ किलोमीटर. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास तेवढ्यात वाचून होत नाही, पण पाहून तरी होतो. दोघंच असाल किंवा मोठी मुलं सोबत असतील, तर कण्णूर, आणि किमान चार रात्री, कारण त्यातली एक हमखास फुकट जाते. चेन्नई आणि कण्णूर एकाच आठवड्यात कोंबू नका. दिवसा सभा आणि रात्री कावू असा क्रम कुणालाच झेपत नाही, शिवाय दोन्ही किनाऱ्यांच्या मध्ये अख्खी रात्र गाडीत जाते.

मुंबईहून कण्णूरला नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेने थेट नेते; चेन्नईच्या गाड्या पुणे-सोलापूरमार्गे. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे २० डिसेंबरची गाडी हवी असेल तर २१ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता तयार असायला हवं. कोकण रेल्वेवर त्या आठवड्यात गोव्याला निघालेली गर्दीही याच गाड्यांवर तुटून पडते, म्हणून कण्णूरवाल्यांनी साडेआठची वाट पाहू नये.