‘१००’ ने सुरू होणारा स्टॅटिक आयपी: घरच्या सर्व्हरच्या नावाखाली झालेली फसवणूक

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी धाकटा भाऊ कृषी सेवा केंद्र चालवतो आणि मी नोकरीनिमित्त अमरावतीला असतो. बियाणे, खते व कीटकनाशकांचा साठा, बिले आणि शेतकऱ्यांची उधारी हा सगळा हिशेब गावच्या एका संगणकावर असावा, मला तो रात्री अमरावतीहून उघडता यावा आणि काम नसताना संगणक बंद राहावा, एवढीच आमची गरज होती. पन्नास वॉट खाणारा संगणक चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला ३६ युनिट जळतात, म्हणून तो दुरून चालू करण्याची सोय, म्हणजे वेक-ऑन-लॅन, आम्ही आधीच मागितली होती. जुने संगणक विकणाऱ्या आणि सीसीटीव्ही बसवणाऱ्या एका माणसाने हे काम अंगावर घेतले आणि मृगाच्या तोंडावर पूर्णही करून दिले. त्याचे नाव येथे देत नाही. पद्धत मात्र तपशिलाने लिहितो, कारण अशाच जोडण्या आणखी काही दुकानांत आणि एका पतसंस्थेत केल्याचे तो स्वतःच अभिमानाने सांगत असे.

संगणकाबद्दल फार लिहीत नाही. तोंडी व्यवहार ‘आय-फाइव्ह पासष्टशे’चा झाला होता आणि बिलावर ‘आय५ ६५०’ असे लिहिलेले होते. ६५०० हा २०१५ सालचा चार कोअरचा प्रोसेसर आहे, तर ६५० हा २०१० सालचा दोन कोअरचा. किमतीत आणि वेगात दोघांची गाठ पडत नाही. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर पूर्ण नाव दिसते, ते पैसे देण्यापूर्वी वाचून घ्यावे. हिशेबाच्या कामाला हा संगणक पुरला, म्हणून ही गोष्ट पुष्कळ दिवस उघडकीस आली नाही.

खरी करामत दुरून चालू करण्याच्या सोयीत होती. दुकानात प्रात्यक्षिक दाखवताना त्याने संगणकाचे बटण दाबले, पडदा काळा झाला, मग स्वतःच्या मोबाइलवरून जोडणी केली आणि आमचा डेस्कटॉप मोबाइलवर उघडून दाखवला. “तुमी अमरावतीले बसून बटन दाबा, इथं मशीन चालू होते. कायले घाबरता, भाऊ?” हे त्याचे शब्द. जाताना भावाला त्याने बजावले की संगणक नेहमी बटणानेच बंद करायचा, मेनूतून बंद केला तर सर्व्हर उठणार नाही. डब्याच्या पुढच्या बाजूच्या निळ्या दिव्यावर त्याने काळी इन्सुलेशन टेप चिकटवली होती आणि रात्री तो दिवा डोळ्यांत जातो, असे कारण दिले होते. संगणक खतांच्या पोत्यांमागच्या खोलीत होता आणि त्या खोलीत रात्री कोणीही झोपत नाही, हे त्याला चांगले ठाऊक होते.

पावसाळ्यात रात्री वीज गेली की सकाळपर्यंत इन्व्हर्टर रिकामा होऊ लागला, तेव्हा भावाला शंका आली. त्याने टेप सोलली तर दिवा जळत होता, आणि कान लावला तर पंखाही फिरत होता. विंडोजमध्ये बटण दाबल्यावर काय व्हावे हे ठरवता येते आणि त्या यादीत ‘फक्त पडदा बंद करणे’ हाही एक पर्याय असतो. त्या माणसाने नेमका तोच निवडून ठेवला होता. म्हणजे संगणक कधी बंदच होत नव्हता, त्यामुळे त्याला उठवण्याचा प्रश्नही नव्हता. इन्व्हर्टर संपून तो खरोखर बंद पडला की मात्र अमरावतीहून काहीच उघडत नसे आणि हा माणूस ‘सर्व्हर डाउन’ म्हणून भेटीचे वेगळे पैसे घेऊन जात असे.

वेक-ऑन-लॅनचे तत्त्व समजून घेतले असता ही युक्ती टिकत नाही. संगणक बंद असतानाही त्याच्या नेटवर्क कार्डाला थोडी वीज मिळत राहते आणि ते एका ठरावीक संदेशाची वाट पाहत असते. आधी एफएफ हा बाइट सहा वेळा आणि मागोमाग त्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, सोळा वेळा, असा तो १०२ बाइटांचा संदेश असतो. तो घरातल्या घरातच पसरतो. इंटरनेटवरून राउटर ओलांडून तो सहसा आत येत नाही. म्हणून बाहेरून संगणक उठवायचा तर घरात सतत चालू असलेले दुसरे एखादे छोटे उपकरण हवे, किंवा राउटरमध्येच तशी सोय हवी. असे काहीही न बसवता कोणी दुरून चालू करून दाखवत असेल, तर संगणक मेनूतून पूर्ण बंद करून लॅन वायरीच्या खोबणीकडे पाहावे. तेथील दिवा विझला असेल तर बहुधा कार्डाला वीजच मिळत नाही आणि तो संगणक उठणार नाही.

दुसरी फसवणूक पैशाने मोठी होती. ‘स्टॅटिक आयपी’साठी, म्हणजे इंटरनेटवरच्या कधी न बदलणाऱ्या पत्त्यासाठी, त्याने वर्षाचे ४,८०० रुपये घेतले आणि १०० ने सुरू होणारा एक पत्ता लिहून दिला. तो पत्ता खरोखरच कधी बदलत नसे, म्हणून शंकेला जागा राहिली नाही. परंतु १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ ही पत्त्यांची पट्टी २०१२ सालापासून इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेली आहे आणि त्यातला पत्ता बाहेरच्या इंटरनेटवर चालतच नाही. टेलस्केल नावाचे सॉफ्टवेअर आपल्या खाजगी जाळ्यातील प्रत्येक यंत्राला याच पट्टीतला पत्ता देते, आणि मर्यादित वापरासाठी ते फुकट मिळते. सॉफ्टवेअर उत्तम आहे, त्याचा यात काडीचाही दोष नाही. त्यातलाच फुकटचा पत्ता आम्हाला विकला गेला, एवढेच. इंटरनेट कंपनीकडे चौकशी केली तेव्हा आमच्या जोडणीवर स्टॅटिक आयपी कधी घेतलाच नव्हता, असे स्पष्ट झाले.

शिवाय टेलस्केलचे खाते त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलेले होते. या सॉफ्टवेअरमध्ये यंत्राची किल्ली, म्हणजे जाळ्यात शिरण्याची त्याची परवानगी, मूळ मांडणीनुसार १८० दिवसांनी संपते आणि मालकाने पुन्हा लॉगिन केले की विनामूल्य नवी होते. ती कधीच संपू नये अशीही सोय त्यात आहे. जूनमध्ये बसवलेल्या यंत्राची किल्ली डिसेंबरात संपली. कापूस विकून शेतकऱ्यांच्या हाती पैसा येतो आणि उधारीची वसुली चालते, नेमक्या त्याच दिवसांत जोडणी तुटली आणि याने ‘सहामाही रिन्यूअल’ म्हणून २,५०० रुपये मागितले. पैसे दिल्याशिवाय उधारीची वही अमरावतीहून दिसणार नाही, हे त्याने फार गोड आवाजात सांगितले.

आम्ही ते पैसे दिले नाहीत. स्वतःच्या ईमेलवर नवे खाते उघडले, राउटरजवळ रास्पबेरी पाय नावाचा एक तळहाताएवढा संगणक कायमचा चालू ठेवला आणि संदेश पाठवण्याचे काम त्याच्याकडे दिले. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ मांडणीत, वेक-ऑन-लॅन सुरू केले, ईआरपी ही वीजबचतीची सोय बंद केली आणि संगणक पूर्ण बंद होऊ न देणारे विंडोजचे फास्ट स्टार्टअप काढून टाकले. आमच्याकडे विजेचा भरवसा नसल्यामुळे, वीज परत आली की संगणक आपोआप सुरू व्हावा अशी बायोसमधील मांडणीही केली, कारण वीज पूर्ण तुटल्यानंतर अनेक संगणक एकदा सुरू होईपर्यंत त्या संदेशाला दाद देत नाहीत.

राहिला प्रश्न बिलाचा. त्यावर १८ टक्के जीएसटी लावलेला होता आणि २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षरांचा क्रमांकही होता, पण जीएसटीच्या संकेतस्थळावर तो भलत्याच व्यवसायाचा निघाला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि त्या माणसाला नोटीसही पाठवली आहे. तिला उत्तर आलेले नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार होत आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तेथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत मिळते.

ज्यांच्याकडे कोणी असा १०० ने सुरू होणारा ‘स्टॅटिक आयपी’ लावून दिला आहे, त्यांनी त्या माणसाशी भांडण्यापूर्वी सर्व हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, पडद्यावर दिसणाऱ्या खात्याच्या ईमेलचा आणि त्याच्याशी झालेल्या संभाषणाचा स्क्रीनशॉट घ्यावा, आणि मगच त्याचे खाते काढून विंडोजचा व राउटरचा पासवर्ड बदलावा. राउटरचा पासवर्ड बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. आमच्याकडे तोही त्यानेच ठेवलेला होता.